मॉस्कोचं घराणं नरिमन पॉइंटला

मोसंबीच्या बाजारासाठी मराठवाड्यात नाव असलेल्या पाचोडात बसून आज कुणीही मोबाइलवर चायकोवस्कीचं नाव टाकलं, तर एकेका रचनेची डझनावारी ध्वनिमुद्रणं समोर येतात. पन्नास वर्षांपूर्वी अशी एखादी रेकॉर्ड हवी असली तर मुंबई गाठावी लागे, आणि तिथंही ती हाती लागेल याची खात्री नसे. आता मिळायची अडचण उरलेली नाही. कुणाचं ऐकायचं हे सांगायला मात्र जवळ कुणी नसतं. मग जे पहिलं दिसेल ते लावलं जातं, दोन मिनिटांत कंटाळा येतो आणि हे आपल्यासाठी नाही असं ठरवून माणूस मोकळा होतो. असं होऊ नये. ख्याल, नाट्यसंगीत, भजन ऐकत वाढलेल्या मराठी कानाला या संगीतात शिरायची एक वाट आधीपासून ठाऊक आहे. ती वाट घराण्याची.

एकच बंदिश भीमसेन जोशींनी गायली आणि किशोरी आमोणकरांनी गायली, तर आपण बंदिश कोणती एवढंच विचारून थांबत नाही. आवाज कसा लावला, लय कुठं ठेवली, समेवर कसे आले, तालीम कुणाची, हे सगळं आपल्या ऐकण्यात असतं. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकार प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो आणि वादक सहसा त्यात बदल करत नाही. तरीही कागदावर न मावणारं पुष्कळ उरतं. ‘सावकाश’ म्हणजे किती सावकाश? ‘हळू आवाजात’ म्हणजे किती हळू? दोन वाक्यांमध्ये श्वास केवढा घ्यायचा? याची उत्तरं वादक देतो, आणि ती तो बहुधा आपल्या गुरूकडून घेऊन आलेला असतो. रशियन संगीताच्या नामांकित ध्वनिमुद्रणांत हे गुरू-शिष्याचं नातं फार स्पष्ट ऐकू येतं.

घराणं कसं उभं राहिलं

रशियात संगीताचं पद्धतशीर शिक्षण दोन भावांनी सुरू केलं. अँतोन रुबिनस्टाइननं १८६२ साली सेंट पीटर्सबर्गला संगीत महाविद्यालय काढलं आणि निकोलाय रुबिनस्टाइननं १८६६ साली मॉस्कोला. प्योत्र चायकोवस्की हा पीटर्सबर्गच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. शिक्षण संपताच तो मॉस्कोला शिकवायला गेला. म्हणजे रशियाचा सर्वांत लोकप्रिय रचनाकार आणि रशियाची वादनपरंपरा एकाच छपराखाली वाढली.

या परंपरेचा भर नुसत्या बोटांच्या तयारीवर नव्हता, सुराच्या दर्जावर होता. पियानोची पट्टी दाबली की आतला हातोडा तारेवर आदळतो आणि त्या क्षणापासून सूर विरत जातो. मींड नाही, सूर धरून ठेवता येत नाही. अशा वाद्यातून गळ्यासारखी अखंड ओळ काढायची, तर पुढचा सूर मागच्याच्या विरत्या आवाजाला नेमका जुळेल इतक्या वजनानं वाजवावा लागतो. खांद्यापासून हाताचं वजन पट्टीवर सोडायचं आणि कान सतत जागा ठेवायचा, ही रशियन तालीम. मॉस्कोत हाइनरिख नॉयहाउसनं ती अनेक वर्षं दिली. स्व्यातोस्लाव रिख्तर आणि एमिल गिलेल्स हे दोघंही त्याचेच शिष्य. व्हायोलिनमध्ये तेच स्थान पीटर्सबर्गच्या लिओपोल्ड आउअरचं होतं.

तबकडीच्या चार मिनिटांत

या घराण्याचे आवाज टिकले त्याला आणखी एक माणूस कारणीभूत आहे आणि त्याचं आपल्याशीही नातं आहे. फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो यंत्रं घेऊन रशियात गेला आणि १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात येऊन त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. रशियाचा विख्यात गायक फ्योदर शालियापिन याचा भारदस्त आवाजही पुढं कित्येक वर्षं त्यानंच तबकड्यांवर उतरवला. आपल्याकडचे जुने गायक आणि रशियातले जुने गायक एकाच कंपनीच्या यंत्रासमोर उभे राहिले होते.

त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेचार मिनिटं मावत. आपल्या गायकांनी तासाभराचा राग तेवढ्यात बसवला, हे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी ऐकलेल्यांना माहीत आहे. पण लिहिलेली रचना आवळता येत नाही. ती तुकड्यांत कापून ओळीनं तबकड्यांवर टाकावी लागे. सर्गेई राखमानिनोवनं १९२९ साली आपला दुसरा पियानो कॉन्चेर्टो लिओपोल्ड स्टोकोवस्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबत मुद्रित केला तो असाच तुकड्यांत. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यातली, सहसा तीन भागांची, अर्ध्या तासाच्या आसपासची रचना.

हे ध्वनिमुद्रण मुद्दाम शोधून ऐकावं. राखमानिनोव मॉस्कोच्या महाविद्यालयात तयार झाला, १८९२ साली तिथलं मोठं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. १८९७ साली त्याची पहिली सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, पडली आणि तो इतका खचला की लेखणी उचलेना. डॉक्टर निकोलाय दाल यांच्या उपचारांनी तो सावरला आणि १९००-०१मध्ये त्यानं हा कॉन्चेर्टो लिहून त्यांनाच अर्पण केला. सुरुवातीला वाद्यवृंद गप्प असतो. एकटा पियानो घंटेसारखे जड स्वरसमूह वाजवतो, प्रत्येक मागच्यापेक्षा थोडा मोठा, आणि दर वेळी डाव्या हाताचा तोच खर्ज खाली घुमतो. मग तंतुवाद्यं मुख्य धून उचलतात.

रिख्तरनं १९५९ साली वॉर्सा फिलहार्मोनिकसोबत हाच कॉन्चेर्टो मुद्रित केला. त्याच्या हातून त्या घंटा इतक्या सावकाश येतात की प्रत्येकीचा नाद विरताना आपण ऐकत राहतो. स्वतः रचनाकार मात्र तिथं रेंगाळत नाही. आपलं दुःख कुरवाळायला तो तयार नाही, चटकन धुनेकडे जातो. स्वर तेच आहेत, लय वेगळी आहे, आणि लय बदलताच मनाची अवस्था बदलते. विलंबित आणि मध्यलयीतला फरक जाणणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सोफियाचा खोकला, मॉस्कोचं बक्षीस

१९५८ हे या घराण्याच्या इतिहासातलं मोठं वर्ष. २५ फेब्रुवारीला रिख्तरनं बल्गेरियाची राजधानी सोफिया इथं मुसॉर्गस्कीची ‘चित्रप्रदर्शन’ ही पियानोरचना वाजवली. मुसॉर्गस्कीनं ती १८७४ साली, व्हिक्टर हार्टमान या चित्रकार मित्राच्या मृत्यूनंतर भरलेल्या प्रदर्शनावरून लिहिली. दोन चित्रांच्या मध्ये प्रेक्षक चालत पुढं जातो, त्या चालण्याची एक धून आहे. तिच्यात पाच मात्रा, मग सहा, मग पुन्हा पाच, असा हिशेब चालतो. मांडीवर हात ठेवून मोजलं तर ध्यानात येतं की हा माणूस शिस्तीत पावलं टाकत नाही, चित्रं बघत बघत, मध्येच थबकत चाललाय.

सोफियातलं ध्वनिमुद्रण तांत्रिकदृष्ट्या मुळीच स्वच्छ नाही. थंडीतले श्रोते सारखे खोकतात, काही ठिकाणी रिख्तरच्या हातून चुकीच्या पट्ट्याही दाबल्या जातात. तरी जगभरचे जाणकार या रचनेचं नाव निघालं की याच मैफलीकडे बोट दाखवतात, कारण रिख्तर जिवाची पर्वा न करता वाजवतो. शेवटच्या चित्रात कीव्हचं महाद्वार उभं राहतं तेव्हा एका पियानोतून इतका नाद कसा निघतो असं वाटतं. सोव्हिएत सरकारनं रिख्तरला तोवर पश्चिमेकडे जाऊ दिलं नव्हतं. तो अमेरिकेत १९६० साली पोचला, पण ही रेकॉर्ड त्याच्या आधी पोचली होती.

त्याच वर्षी मॉस्कोत पहिली आंतरराष्ट्रीय चायकोवस्की स्पर्धा भरली. पियानोचं पहिलं बक्षीस टेक्सासच्या तेवीस वर्षांच्या व्हॅन क्लायबर्नला मिळालं. शीतयुद्ध ऐन भरात होतं, स्पुटनिक सुटून सहा महिने झाले होते, आणि सोव्हिएत राजधानीत अमेरिकन मुलगा जिंकला. परीक्षकांत गिलेल्स आणि रिख्तर होते. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची संमती घेऊन बक्षीस जाहीर झालं. ही कथा दोन देशांच्या मैत्रीची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात घराण्याचाही धागा आहे. क्लायबर्नच्या गुरू रोझिना लेविन या मॉस्को महाविद्यालयाच्या सुवर्णपदक विजेत्या. पुढं त्या न्यूयॉर्कच्या जुलियर्डमध्ये शिकवत होत्या. रशियन श्रोत्यांना त्या परक्या मुलाच्या हातून आपलीच जुनी तालीम ऐकू आली. त्यानं परत जाऊन रशियन वाद्यवृंद-संचालक किरिल कोन्द्राशिनसोबत चायकोवस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो मुद्रित केला, आणि ती रेकॉर्ड अभिजात संगीतात दहा लाखांवर खपलेली पहिली एलपी ठरली.

म्राविन्स्कीचा झपताल

एकाच माणसानं एकच वाद्यवृंद पन्नास वर्षं घडवला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे येवगेनी म्राविन्स्की आणि लेनिनग्राद, म्हणजे पूर्वीच्या पीटर्सबर्गचा, फिलहार्मोनिक. १९३८ ते १९८८ ही त्याची कारकीर्द. १९६०च्या युरोप दौऱ्यात या वाद्यवृंदानं चायकोवस्कीच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सिम्फनीची ध्वनिमुद्रणं केली. आजही रशियन सिम्फनी ऐकू पाहणाऱ्यानं आधी तीच लावावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहावी सिम्फनी चायकोवस्कीनं स्वतः २८ ऑक्टोबर १८९३ला पीटर्सबर्गमध्ये संचालित केली आणि नऊ दिवसांनी तो वारला. तिचा दुसरा भाग नृत्याचा आहे. त्या काळात असं नृत्य तीन मात्रांत लिहायची रीत होती. चायकोवस्कीनं पाच मात्रा घेतल्या, दोन आणि तीन. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन असाच चालतो. युरोपच्या श्रोत्याला ती चाल लंगडी वाटली तरी आपला हात पहिल्या आवर्तनापासून टाळी-खालीचा हिशेब धरतो. हा भाग म्राविन्स्की अजिबात लाडिक होऊ देत नाही.

याच सिम्फनीच्या पहिल्या भागात, निम्म्या वाटेवर, आवाज इतका खाली जातो की चायकोवस्कीनं बासूनच्या स्वरांवर ‘हळू’ची खूण सहा वेळा लिहिली आहे. पुष्कळ संचालक तिथं बासूनऐवजी आणखी मऊ आवाजाचं बास क्लॅरिनेट घेतात. पाठोपाठ सगळा वाद्यवृंद एकदम कोसळतो. मोबाइलच्या स्पीकरवर ती कुजबुज ऐकूच येत नाही, आणि कुजबुज गेली की त्या आघातालाही अर्थ उरत नाही. इअरफोन लावून, खोलीत शांतता करून हे ऐकावं. शेवटचा भाग संथ आहे. चेलो आणि डबल बास यांच्या खर्जात तो विझतो.

म्राविन्स्कीच्या वाद्यवृंदाचा आवाजही वेगळा आहे. पाचव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागातला एकट्या हॉर्नचा स्वर ऐका. पश्चिमेकडचे हॉर्नवादक सूर सरळ ठेवतात. लेनिनग्रादचा हॉर्न गळ्यासारखा हलकं आंदोलन घेतो.

घराण्याबाहेरचे कान किती वेगळे असतात, हे सोव्हिएत रचनाकार शोस्ताकोविचच्या पाचव्या सिम्फनीत कळतं. ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रानं १९३६ साली त्याच्या ऑपेरावर जाहीर तोफ डागली होती; त्या दडपणाखाली त्यानं ही सिम्फनी लिहिली आणि १९३७च्या नोव्हेंबरात म्राविन्स्कीनं ती पहिल्यांदा सादर केली. तिच्या शेवटच्या पानावर पितळी वाद्यं जयघोष करतात आणि तंतुवाद्यं एकच सूर पुन्हा पुन्हा घासत राहतात. अमेरिकेच्या लेनर्ड बर्नस्टाइननं १९५९च्या ध्वनिमुद्रणात हे पान वेगानं नेलं, आणि ते खरंखुरं विजयगीत झालं. शोस्ताकोविचचाच शिष्य म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यानं १९८२ साली वॉशिंग्टनच्या वाद्यवृंदाकडून तेच पान संथ, जड पावलांनी वाजवून घेतलं. तिथं आनंद नाही, कुणीतरी मागं उभं राहून आनंद करायला लावतंय. ज्यानं तसा काळ गुरूशेजारी बसून पाहिला, त्याची लय ही आहे.

मुंबईचा मुलगा लेनिनग्रादमध्ये

या गोष्टीत मुंबई दोनदा येते. मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकानं १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्याचे वादक त्यात वाजवत. हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंदही पुढं गोवेकरांनीच समृद्ध केले. मेहलींचा मुलगा झुबिन १९३६चा. डॉक्टरकीची वाट सोडून तो १९५४ साली व्हिएन्नाला हान्स स्वारोवस्कींकडे शिकायला गेला. १९६२ ते ७८ लॉस एंजेलिस आणि १९७८ ते ९१ न्यूयॉर्क, अशा दोन मोठ्या वाद्यवृंदांचा तो प्रमुख होता.

झुबिन मेहता यांची तालीम व्हिएन्नाची, रशियाची नव्हे. तरी त्यांनी रशियन संगीत भरपूर मुद्रित केलं: चायकोवस्कीच्या सगळ्या सिम्फनी, मुसॉर्गस्कीच्या ‘चित्रप्रदर्शना’चं राव्हेलनं १९२२ साली केलेलं वाद्यवृंदी रूप, आणि १९६९चं स्त्राविन्स्कीचं ‘वसंतविधी’ हे बॅलेसंगीत. हे शेवटचं चुकवू नये. बासून अनैसर्गिक वाटावा इतक्या वरच्या पट्टीत एकटा सुरू होतो आणि हळूहळू रान जागं होतं. अंतिम नृत्यात मात्रांचा हिशेब जवळजवळ दर आवर्तनाला बदलतो. सम कुठं पडेल हे सांगता येत नाही. मेहतांचा वेग तिथं अंगावर येतो, पण एकही वाद्य दुसऱ्यात बुडत नाही. १९१३ साली पॅरिसमध्ये हा बॅले पहिल्यांदा झाला तेव्हा त्याची कथा आणि नेपथ्य यांत निकोलाय रोरिक या चित्रकाराचा हात होता. हाच रोरिक पुढं कुलूच्या खोऱ्यात स्थायिक झाला, आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी या त्याच्या सूनबाई.

चायकोवस्कीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोनं तर एक वर्तुळच पूर्ण केलं. १८७८ साली लिहिलेला हा कॉन्चेर्टो वाजवायला आउअरनं आधी नकार दिला. १८८१ साली व्हिएन्नात अडॉल्फ ब्रॉडस्कीनं तो पहिल्यांदा वाजवला. पुढं आउअरचाच शिष्य याशा हायफेट्झ याच्या हातून तो जगभर गाजला. त्याचं १९५७चं शिकागोमधलं ध्वनिमुद्रण धारदार आणि वेगवान आहे, आउअरनं केलेली काटछाटही त्यात ऐकू येते. डेव्हिड ऑइस्त्राखचं १९५९चं फिलाडेल्फियातलं ध्वनिमुद्रण रुंद, उबदार, भरल्या गळ्याचं. आणि १९९० साली लेनिनग्रादमध्ये, म्हणजे आउअरच्याच गावात, इत्झाक पर्लमननं हा कॉन्चेर्टो वाजवला. सोबत इस्रायल फिलहार्मोनिक आणि समोर झुबिन मेहता. सोव्हिएत संघ आणि इस्रायल यांचे संबंध १९६७पासून तुटलेले होते. पर्लमनचे गुरू इव्हान गॅलमियन यांचं शिक्षण मॉस्कोचं. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण निघालं आहे. त्यातली श्रोत्यांची उत्सुकता कानाला जाणवते.

घराणं मुंबईत उतरलं

दुसऱ्यांदा मुंबई येते ती २००६ साली. नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचे (एनसीपीए) खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. सुरुवातीपासून त्यात कझाकस्तानचे बरेच वादक आहेत. बिसेनगालियेव्ह मॉस्कोच्या महाविद्यालयात वालेरी क्लिमोव्ह यांच्याकडे शिकले. हे क्लिमोव्ह म्हणजे १९५८च्या त्याच चायकोवस्की स्पर्धेत व्हायोलिनचं पहिलं बक्षीस मिळवणारे, आणि ऑइस्त्राखचे शिष्य. ऑइस्त्राख, क्लिमोव्ह, बिसेनगालियेव्ह आणि २०१२पासून या वाद्यवृंदाच्या संगीत अकादमीत शिकणारी मुंबईची मुलं, अशी ही सरळ शिष्यशाखा आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि ती इथलीच झाली. मॉस्कोच्या वादनाचं तसं होईल की नाही, हे या मुलांच्या रियाजावर ठरेल; सुरुवात तरी खरी तालीम घेऊन झाली आहे.

नव्या श्रोत्यानं एका वेळी एकच रचना घ्यावी आणि ती दोघांच्या हातची ऐकावी. राखमानिनोव आणि रिख्तर यांच्या त्या सुरुवातीच्या घंटांपासून आरंभ करावा, मग ऑइस्त्राख आणि हायफेट्झ, मग म्राविन्स्की. तालुक्याच्या गावांत संगीताचे वर्ग चालतात, तबला-पेटी शिकवणारे गुरुजी आहेत. झपताल शिकवायच्या दिवशी त्यांनी ठेका झाल्यावर चायकोवस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा दुसरा भाग मुलांना लावून दाखवावा आणि हातावर मात्रा मोजायला सांगाव्यात. आठ-नऊ मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी मुलांना पाचोडहून मुंबईला जावं लागणार नाही.